विलीन झालेले व्याही

डोंबिवली (पूर्व),
गुरुवार, जेवणानंतर

कोलशेतचे जुनेजाणते, खाडीचे माहीतगार आणि आमचे एकुलते एक व्याही श्री. जगनराव भोईर यांस, यशवंत परुळेकर याचा, आमच्या मंडळींचा आणि अजून नाव न मिळालेल्या आपल्या नातीचा नमस्कार.

आपली तब्येत ठीक आहे असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन केला की तुमचा फोन व्यस्त असतो, आणि इतका व्यस्त फोन मी मंत्रालयातल्या अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. 'भोईर-परुळेकर परिवार' या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, तुमच्यामागून विहीणबाई पडल्या. आता तिथे मी, जावई भावेशराव आणि जगताप नावाचे कोणी गृहस्थ उरलो आहोत. ते रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात आणि त्यांना आमच्याकडे कोणीच ओळखत नाही. (तुमच्याकडचे असतील तर नमस्कार सांगावा.) डावा गुडघा कसा आहे? विहीणबाईंच्या डोळ्यांना ऊन सोसतं का? उत्तर येणार नाही हे माहीत असून विचारतो आहे, म्हणजे माझ्या मनात काय आहे ते कळावं.

हे पत्र मेघालीच्या सांगण्यावरून लिहितो आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तोंडाने समजवायला गेलात की गोष्ट जास्त बिघडते, त्यापेक्षा लिहून काढा, अगदी मुळापासून, म्हणजे कोणाला मधेच उठून जाता येणार नाही. तेव्हा तुम्हाला यातलं निम्मं ठाऊक असलं तरी कृपया सगळं वाचावं.

निवृत्त झाल्यावर मी घरी कसा होतो ते तुम्ही ऐकलंच असेल, कारण आमच्या मंडळींनी ते विहीणबाईंना सविस्तर सांगितलेलं आहे. कक्ष अधिकारी म्हणून जन्म गेलेला माणूस मी. मेथीची जुडी हातात आली तरी तिच्यावर शेरा मारावासा वाटतो. गॅस, पाण्याची टाकी आणि वरच्या मजल्यावरून येणारी ओल या तिन्हींच्या मी घरात फायली उघडल्या होत्या. मंडळींनी त्या रद्दीत घातल्या. अशात एका सकाळी स्वानंद देवस्थळींचा फोन आला. हे स्वानंद माझ्या हाताखाली नोकरीला लागलेले, आता उपसचिव झालेत. ते म्हणाले, सर, राज्यात सल्लागार मंडळं, समित्या आणि आयोग इतके झालेत की नेमके किती ते कोणालाच सांगता येत नाही. आता सगळ्यांचा आढावा घ्यायचा आहे. सारखं काम असेल ती एकत्र करायची, कामच नसेल ती बंद करायची. जुन्या फायलींचा वास ओळखणारी माणसं हवीत, ठाणे-कल्याण भागासाठी तुम्ही या. मी विचार करून सांगतो म्हणेपर्यंत मंडळींनी माझे दोन शर्ट इस्त्रीला टाकलेसुद्धा.

तुम्हाला मी ही बातमी सांगितली तेव्हा तुम्ही स्वतः खाडीतला जिताडा मासा घेऊन डोंबिवलीला आला होतात. सरकारात आपला माणूस बसला, असं तुम्ही आमच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्या क्षणी आपल्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की तुम्हीही एका मंडळाचे अध्यक्ष आहात.

आमच्या समितीची पहिली बैठक ठाण्यात झाली तेव्हा आम्ही पाच सदस्य होतो आणि खुर्च्या चार. (पाचवे सदस्य उभे राहून इतकं चांगलं बोलले की त्यांना पुढेही कोणी बसायला दिलं नाही.) पहिलाच विषय निघाला तो आमचाच. समित्या मोजायच्या तर ही समिती त्यात धरायची का? एक जण म्हणाले, धरायलाच हवी. दुसरे म्हणाले, मोजणारा स्वतःला मोजत नसतो. त्यावर पहिल्यांनी जनगणनेचा दाखला काढला, की मोजायला येणारे मास्तरसुद्धा स्वतःच्या घरी मोजले जातातच. मग चहा आला आणि प्रश्न उपसमितीकडे सोपवण्यात आला. उपसमिती नेमून होते न होते तोच उभे असलेले सदस्य म्हणाले की आता हिलाही धरायचं का ते ठरवा.

त्यानंतर आम्ही खरोखर कामाला लागलो आणि जे जे सापडलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून मुद्दाम सांगतो. (नावं थोडी फिरवली आहेत, गोपनीयता असते.) टांग्यांच्या घोड्यांच्या कल्याणासाठी एक समिती निघाली. कल्याणातला शेवटचा टांगा बंद होऊन जमाना झाला, पण समिती दरवर्षी घोड्यांसाठी पाण्याचा हौद मागत राहिली आणि एका वर्षी तो मंजूर झाला. हौद झकास बांधलाय. रिक्षावाले त्यात तोंड धुतात. समितीच्या अहवालात 'लाभार्थी समाधानी' अशी नोंद आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. एका जिन्याखाली तर आम्हाला 'समित्या कमी करण्याबाबतची समिती' सापडली, म्हणजे तिची पाटी सापडली. तिच्या अध्यक्षांना मी फोन केला तर ते गहिवरले. म्हणाले, कोणीतरी आठवण काढलीत.

आणि मग एके दिवशी माझ्यापुढे कागद आला: 'ठाणे खाडी पारंपरिक होडी व धक्का सल्लागार मंडळ, कोलशेत. अध्यक्ष: श्री. जगन भोईर.' ही पाटी मी दर सणाला तुमच्या ओटीवर, तुमच्याच डोक्यावर लावलेली पाहतो. मी तडक स्वानंदना गाठलं आणि सांगितलं, हे माझे व्याही आहेत, हे प्रकरण दुसऱ्या कोणाकडे द्या. ते म्हणाले, सर, मग तर उत्तमच झालं, कागद लवकर मिळतील. जगनराव, मी शपथेवर सांगतो, मी नको म्हटलं होतं. पण ज्या मुलाला मी नोटिंग लिहायला शिकवलं, त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही, इतकं मी त्याला चांगलं शिकवलं होतं.

तुमच्याकडे आलो तो तपासणीसाठी आलो आहे, हे मी दारातच सांगितलं होतं, आठवत असेल. विहीणबाई म्हणाल्या, तपासनी मंग, पयले हात धुवा. त्यानंतर कोलंबीचं सुकं, जिताड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्यावर राहिलेली तपासणी मी तुमच्या ओटीवर आडवा होऊन केली. मी विचारलं, मंडळाच्या बैठका होतात का. तुम्ही म्हणालात, रोज होतात, होड्या लागल्या की धक्क्यावर, सगळं गाव असतं. मी विचारलं, इतिवृत्त कुठे आहे. तुम्ही म्हणालात, होडीत कागद भिजतो. गणपूर्ती म्हणजे काय ते मी समजावल्यावर तुम्ही हसून म्हणालात की आमच्यात माणसं जमवावी लागत नाहीत, पांगवावी लागतात. मला हे सगळं पटलं. पण शासनाच्या तक्त्यात 'पटलं' असा रकाना नाही. मी लिहिलं, 'बैठका नियमित, नोंद नाही.' सरकारी भाषेत याचा अर्थ बैठका नाहीत असा होतो. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं, आणि हातावरचा कालवणाचा वास जायच्या आत ते तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आता पायऱ्यांचं. तुमच्या मंडळाने आयुष्यभर एकच मागणी लावून धरली. धक्क्याच्या पायऱ्या फुटल्यात, त्यांवर शेवाळ धरलंय, बायका डोक्यावर पाटी घेऊन चढता-उतरताना पडतात. (विहीणबाईंच्या मनगटाला त्यानेच तर प्लास्टर होतं.) तुमची मागणी ठाण्याच्या एका समितीकडे जायची, जिचं नाव 'सार्वजनिक पायऱ्या, कठडे व ओटे सल्लागार समिती.' तिचं म्हणणं, पाण्यातल्या पायऱ्या आमच्याकडे येत नाहीत, त्या शहाडच्या 'उल्हास नदीघाट व उतार सल्लागार मंडळा'कडे जातात. शहाडवाले म्हणायचे, आमचं पाणी गोडं आहे, भरती-ओहोटीचा विषय कोलशेतच्या होडी मंडळाचा. मग तो कागद फिरून तुमच्याकडे यायचा, तुम्ही तो पुन्हा ठाण्याला पाठवायचात. अशी ती मागणी ठाणे, शहाड, कोलशेत अशी वर्षानुवर्षं फिरत होती. तिच्यावर इतके शिक्के बसले होते की मूळ मजकूर वाचायला मला ती खिडकीशी उजेडात धरावी लागली.

मला वाटलं, सापडला मार्ग. तिन्ही एकत्र करून टाकली की कागद फिरणार कुठे? म्हणून मी शिफारस केली आणि 'खाडी, नदीघाट व पायऱ्या एकत्रित सल्लागार मंडळ' जन्माला आलं. मला खरोखर वाटलं होतं की तुम्ही मला शाबासकी द्याल. पण एक मंडळ म्हणजे एक अध्यक्ष, हे मी विसरलो नव्हतो तरी त्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. नियम असा निघाला की ज्यांच्या बैठकांची नोंद जास्त, ते अध्यक्ष. ठाण्याच्या पायऱ्यावाल्यांची समिती शेवटची कधी भरली ते त्यांनाही आठवेना. शहाडच्या धोंडीबा केण्यांच्या बैठका मात्र दर महिन्याला, न चुकता. सदस्य म्हणजे स्वतः धोंडीबा, त्यांच्या पत्नी कमळाबाई आणि दोन मुलगे. प्रत्येक इतिवृत्तात एकच ओळ, 'मागील इतिवृत्त वाचून सर्वानुमते कायम केले व चहा घेतला.' नियमाने ते अध्यक्ष झाले आणि तुम्ही सदस्य. याच धोंडीबांशी तरुणपणी कबड्डीच्या एका अंतिम सामन्यात तुमचं वाजलं होतं, हे भावेशरावांनी मला आदेश निघाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी आदेश तोच निघाला असता, पण मी निदान आधीपासून घाबरून राहिलो असतो.

त्यात त्या आदेशाची भाषा. 'श्री. जगन भोईर यांचे मंडळ विलीन करण्यात येत आहे.' हे कोणीतरी अर्धवट वाचून अर्धवट पुढे सांगितलं आणि तुमच्या दारी भाईंदरहून दोन टेम्पो भरून माणसं अंत्ययात्रेला आली. तुम्ही ओटीवर चहा पीत होता. त्यांनी तुम्हाला पाहून जो आवाज काढला तो म्हणे खाडीपलीकडे गेला. विहीणबाईंना त्या सगळ्यांना जेवायला घालावं लागलं. याचा दोष माझ्याकडे येतो हे मला मान्य नाही, पण 'विलीन' हा शब्द माझ्याच मसुद्यात होता, तेवढं कबूल करतो.

त्याच आठवड्यात मेघाली बाळंत झाली. आनंदाच्या गोष्टीला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. तुम्ही दवाखान्यात आलात, नातीला पाहिलंत, तुमचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं सगळं विसरलात. मग तुम्ही मला बाहेरच्या बाकाशी बोलावून घेतलंत. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल, पण मला तर ते पाठ झालं आहे. "परुलेकर, खुर्ची गेली त्याचा काय नाय. पन तू माझे घरी जेवलास न् मना सांगलास नाय." लग्नाच्या बैठकीपासून आजवर आपण एकमेकांना अहो-जाहो करत आलो. तुम्ही मला 'तू' म्हणालात ते त्या दिवशी पहिल्यांदा. आणि खरं सांगू, तो 'तू' इतका घरचा वाटला की मी त्यावर रागवायचंच विसरलो. तुम्ही निघून गेलात, आणि त्यानंतर आमच्या घराची पायरी चढला नाहीत.

एकत्रित मंडळाच्या पहिल्या बैठकीलाही तुम्ही आला नाहीत. मी शासनाचा निरीक्षक म्हणून कोपऱ्यात होतो, म्हणून जे घडलं ते सांगायचा अधिकार मला आहे. धोंडीबांनी गळ्यात उपरणं घातलं होतं. तिन्ही मंडळांचा कारभार आता एकाच सचिवाकडे आलेला, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की त्याने स्वतःलाच लिहिलेलं एक पत्र उत्तराविना पडून आहे. धोंडीबांनी विषय वाचला, कोलशेत धक्क्याच्या पायऱ्या. सवयीने म्हणाले, हा आपला विषय नाही, संबंधित मंडळाकडे पाठवा. सचिव म्हणाला, साहेब, ते आपणच. बरं, मग शहाडला पाठवा. तेही आपणच. मग ठाण्याच्या पायऱ्यावाल्यांना विचारा. ते, सचिव म्हणाला, तुमच्या उजव्या हाताला बसलेत. उजव्या हाताच्या गृहस्थांनी मान हलवली. धोंडीबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही सुटकेचं लिहिलंय का. काही नव्हतं. शेवटी फार दुःखाने ते म्हणाले, मग आता ते करावंच लागेल.

पुढच्या आठवड्यात स्थळपाहणीला आम्ही सगळे कोलशेतला आलो. ओहोटी होती. तुम्ही थोड्या अंतरावर तुमच्या होडीत बसून जाळं विणत होता आणि आमच्याकडे अजिबात पाहत नव्हता, इतकं अजिबात की ते लांबूनही कळत होतं. धोंडीबा वरच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, आधी निरीक्षकांनी पाहावं. मी मंत्रालयात घालायचो त्याच चपला घालून उतरलो. पुढचं तुम्ही पाहिलंत. मी कमरेपर्यंत चिखलात गेलो. फाईल मात्र मी डोक्याच्या वर धरून ठेवली होती, ती नोकरीची सवय. धोंडीबा वरून विचारत होते, परुळेकर, कितव्या पायरीवरून गेलात तेवढं सांगा, लिहून घेतो. आणि मी जसजसा उत्तर देत होतो तसतसा खाली जात होतो.

तुम्ही जाळं खाली ठेवलंत. होडीतलं वल्हं घेऊन चिखलातून चालत आलात आणि त्याचं टोक माझ्याकडे धरलंत. मला ओढून काढलंत आणि तसेच परत जाऊन जाळं विणायला बसलात. जगनराव, मी त्यावर रात्रंदिवस विचार केला आहे. ते वल्हं माझ्या हातात देण्यापेक्षा डोक्यात घालणं जास्त सोपं होतं, मी अगदी सोयीच्या उंचीवर होतो. तुम्ही ते केलं नाहीत. त्यावरून मी काही अर्थ काढला आहे आणि तो चुकीचा नसावा अशी आशा करतो.

विहीणबाईंनी माझ्या अंगावर बादल्या ओतल्या, तुमची लुंगी दिली आणि भावेशरावांचा क्रिकेटचा टीशर्ट दिला, ज्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'कॅप्टन' आहे. त्या वेशात मी ठाण्यापर्यंत बसने गेलो. एका कॉलेजकुमाराने उठून जागा दिली आणि म्हणाला, बसा कॅप्टन. मी बसलो. नोकरीत मला कोणी इतक्या चटकन बढती दिली नव्हती.

पण कामाला गती आली ती या पडण्याने. धोंडीबांनी इतिवृत्तात लिहिलं, 'शासनाच्या निरीक्षकांनी विषयाच्या खोलात जाऊन पाहणी केली.' हे वाक्य वर इतकं आवडलं की मंजुरी लगोलग आली. आता नव्या पायऱ्या झाल्यात, लोखंडी कठडा बसलाय. (फक्त धोंडीबांना तिथे फलक हवा होता, आणि तिन्ही मंडळांची नावं त्यावर घ्यायची तर फलक इतका लांब होतो की तो टेकवायला वेगळी भिंत बांधावी लागेल. ती भिंत कोणाच्या अखत्यारीत येते यावर सध्या चर्चा चालू आहे.) भावेशरावांनी मला फोटो दाखवला. विहीणबाई डोक्यावर पाटी घेऊन कठड्याला न धरता उतरताहेत, आणि पुढे फोटो काढणाऱ्यावर ओरडताहेत. जगनराव, हे तुमचं काम आहे. कागदावर कोणाचंही नाव असो, ही मागणी तुम्ही सोडली नाहीत म्हणून ती झाली. हे मी तुमच्या घरी येऊन म्हणायला हवं होतं. लिहून सांगतो आहे, कारण तुम्ही दार उघडाल याची मला खात्री नव्हती.

आता मुख्य मुद्दा. बारसं येत्या रविवारी सकाळी, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवलं आहे. तुम्ही येणार नाही म्हटल्यावर ते लांबत लांबत इथवर आलं. पोरगी चार महिन्यांची झाली आणि तिला अजून नाव नाही. मी तिला 'बाळ' म्हणतो, मंडळी 'ठमी' म्हणतात, भावेशराव 'बॉस' म्हणतात. नाव सुचवायला मी घरात एक छोटी समिती नेमली होती, ती मंडळींनी त्याच संध्याकाळी बरखास्त केली. नाव ठरवलंय ते दक्षताने, आत्या म्हणून तो तिचा हक्क, आणि ते ती कोणालाच सांगत नाही. मेघाली म्हणते, आजोबा पाळण्याशी नसतील तर नाव ठेवायचंच नाही, राहू दे बिननावाची. ती हे बोलून हसते, पण हसून झाल्यावर खिडकीबाहेर बघत राहते. पोरगी तुमच्यावर गेली आहे. कपाळाला तशीच आठी घालते आणि माझ्याशी बोलत नाही.

तेव्हा यावं. मला 'तू' म्हणायचं असेल तर तसं म्हणत या. त्याची मला आता सवय करून घ्यायची आहे.

विहीणबाईंना आणि दक्षताला नमस्कार-आशीर्वाद. लहानथोरांना विचारलं म्हणून सांगावं, जगतापांनासुद्धा.

आपला नम्र व्याही,
यशवंत परुळेकर
(सदस्य, आढावा समिती, निरीक्षक, एकत्रित मंडळ)

ता. क. : लुंगी धुऊन, नीळ देऊन सोबत पाठवली आहे. भावेशराव ती आणि हे पत्र दोन्ही आणून देतील. टीशर्ट अजून माझ्याकडे आहे, तो सवडीने देईन.

ता. क. २ : एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. आमच्या आढावा समितीचं काम खूप लांबतंय असं वर कोणाला तरी वाटलं, म्हणून आढावा समित्यांचा आढावा घेण्यासाठी एक नवी समिती नेमली आहे. ज्यांचं मंडळ विलीन झालं आहे अशी अनुभवी माणसं तीत घ्यायची ठरली, आणि ठाण्यासाठी तुमचं नाव नक्की झालं असं स्वानंद परवा म्हणाले. अभिनंदन. (हे पत्र मी ते कळल्यावर लिहायला घेतलं की आधी, याच्या खोलात कृपया जाऊ नये.) आमच्या समितीला अजून पुष्कळ काम शिल्लक आहे, खोलीही आता चांगली मिळाली आहे, पंखा आहे, खुर्च्याही पाच झाल्या. तुम्ही तपासणीला याल तेव्हा बैठकांची नोंद विचारालच. नोंद आहे. ती मी तुम्हाला हवी तशी दाखवीन. जेवायलाही थांबावं.

ता. क. ३ : व्याहीबुवा, मी रमा लिहिते आहे. यांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं म्हणून मधे दोन ओळी घालते. विहीणबाईंना, आमच्या मनूताईंना, वाचून दाखवा. यांची समिती मात्र बंद करू नका. हे त्या समितीला ठाण्याला गेले की तुम्ही दोघं इथे येता, दुपारभर नातीला मांडीवर घेऊन बसता, तिला होड्यांची गाणी म्हणता, आणि यांच्या यायच्या वेळेला मागच्या जिन्याने उतरता. हे मी यांना सांगितलेलं नाही. मेघालीला हे पत्र वाचताना हसू आवरत नव्हतं, तिला मी आत पाठवलं. हे घरी असले की पोरीला कोणाच्या हाती देत नाहीत, तेव्हा तुमची ती दुपार बुडेल आणि माझंही घरात काही खरं नाही. पत्र मनापासून लिहिलंय त्यांनी, तीनदा खोडून लिहिलं. रविवारी या. फक्त आल्यावर पहिल्यांदाच पाहताय असं दाखवा, आणि पाळण्याशी एकदम पुढे होऊ नका. ती तुम्हाला बघितलं की हसते, आणि हसून हात पुढे करते.